लाल खुणेचा ग्लास

सोलापूर,
१८ जानेवारी २०२५

श्री. भीमाशंकरमामा यांना,

शरणु शरणार्थी.

तुमची आणि मावशींची तब्येत बरी असेल. सिद्धेश्वरांच्या जत्रेला, गड्ड्याला यंदा आलात का? मी एकदा संध्याकाळी गेले आणि गर्दी बघून अर्ध्या वाटेतून परतले. आई असती तर म्हणाली असती, शिकून शिकून आता देवाचाही कंटाळा करायला लागलीस. बाकी इकडे सगळं ठीक. थंडी यंदा नावालाच पडली.

पत्र बघून दचकू नका. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दोनदा 'हां हां' म्हणता आणि ठेवून देता. शिवाय अर्ज विचाराधीन असेपर्यंत कक्षातल्या कुणीही अर्जदाराशी बोलायचं नाही, हा नियम मीच केलेला आहे. तुमचा अर्ज आता परत गेला, म्हणून लिहायला हरकत नाही. कागद मिळाला असेलच. त्यावर 'पुराव्याअभावी परत' असा शेरा आहे आणि खाली सही माझी आहे.

हा कक्ष कशासाठी आहे ते अर्ज भरताना तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. माणूस वीस-वीस वर्षं एखाद्या कामात मुरतो, पण शाळा अर्धवट सुटलेली असते. अशा माणसाला काय येतं ते तपासायचं, जे येतं तेवढ्या विषयांतून त्याला मोकळं करायचं आणि पुढच्या वर्गात घ्यायचं. पूर्वी प्रत्येक कॉलेजची तऱ्हा वेगळी होती. गिरिजाबाई म्हणून भवानी पेठेतल्या एक बाई आहेत, चाळीस बायकांना घेऊन कडक भाकरीचा उद्योग करतात. त्यांना एका कॉलेजने दहावीचं गुणपत्रक मागितलं, दुसऱ्याने भाकरी थापून दाखवा म्हटलं, तिसऱ्याने चहा पाजून वाटेला लावलं. आता शहरातली चार, मोहोळचं एक आणि जेऊरचं एक अशा सहा कॉलेजांचा फॉर्म एक आणि मोजपट्टी एक. इथे मान्य झालं ते सहाही ठिकाणी मान्य. गिरिजाबाई सध्या अन्नप्रक्रिया पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि प्रश्न विचारून मास्तरांना जेरीस आणतात. तीन वर्षांत हे उभं केलं याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही.

पहिल्याच वर्षी एका वजनदार माणसाने आपल्या ओळखीचे चौदा जण एका दमात आमच्यापुढे उभे केले. सगळ्यांना सगळं येत होतं, तोंडी. तेव्हा मी सातवा नियम घातला: काम प्रत्यक्ष पाहिलेल्या जबाबदार माणसाचं लेखी पत्र हवं, नाहीतर अर्जदाराच्या हातची, काम करतानाच्या काळातली नोंद हवी. दोन्ही नसेल तर अर्ज परत.

तुमच्या अर्जात 'काय येते' या रकान्यात 'द्रावणे करणे, प्रयोग मांडणे, पोरांना दाखवणे' असं आहे. 'पुरावा' या रकान्यात 'नाही' एवढंच आहे. ओळखीचा अर्ज म्हणून मी तुम्हाला वेगळा नियम लावला असता, तर त्या चौदा जणांना कोणत्या तोंडाने नाही म्हटलं असतं?

आपल्या मोहोळच्या कॉलेजने तुम्हाला प्रयोगशाळेतून काढून गाड्या राखायला स्टँडवर बसवल्याचं मला नोव्हेंबरात कळलं. प्रमाणपत्र नसलेल्याने रसायनांना हात लावायचा नाही, असा नवा सुरक्षेचा नियम झाला म्हणे. आमच्याकडून मान्यता मिळाली तर तुम्हाला आत जाता येईल, म्हणून तुम्ही अर्ज केलात हे मला ठाऊक आहे. पुढची तपासणी १५ फेब्रुवारीला आहे. त्याआधी पुरावा जोडलात तर अर्ज पुन्हा उघडता येईल. नाही जोडलात तर वर्षभर थांबावं लागेल, आणि तोपर्यंत स्टँड.

तेव्हा कुणाचं पत्र मिळतं का बघा. आपल्या विभागातले हंचाटे सर वारले. काळे मॅडम पुण्याला मुलाकडे असतात, त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. बाकी विभागात कोण कोण होतं, ते तुम्हीच आठवून पाहा.

पेन्सिल अजून कानावर असते का? मावशींना नमस्कार.

आपली,
डॉ. महेश्वरी हत्तुरे
प्रमुख, पूर्वज्ञान मान्यता सामायिक कक्ष


मोहोळ
२७ जानेवारी २०२५

मॅडमना भीमाशंकरचा शरणार्थी.

पत्र पावलं. माझी शाळा कन्नडमधी सातवीपतूर, मराठी अक्षर वाकडं हाय, संभाळून घ्यावं. हिकडं सगळी खुशाल. गड्ड्याला आलतो. हिच्या गुडघ्यामुळं लई हिंडलो न्हाई.

अर्ज परत आला त्येचं वाईट वाटून घेऊ नका. नियम त्यो नियम. मी संस्कृतीला म्हनलं बी हुतं, माज्याकडं कागद न्हाई. तिनंच फॉर्म आनून दिला आन् भर म्हनली. आपल्याकडं बीएस्सीला हुती तवापासनं हट्टी. हुशार, पन ब्युरेट कदी सरळ लावली न्हाई. आता तुमच्याच ऑफिसात हाय की.

स्टँडवर बरं हाय. सावली हाय. पोरं गाडी लावताना इचारत्यात, मामा, आज परीक्षेला कुठला क्षार ईल? परवा एकानं रुमालात पुडी बांधून आनली. मी लांबनंच सांगितलं, मोरचूद हाय, जा ठिव जा आन् हात धू. हातात घेतला न्हाई. नियम हाय.

एक सांगायचं हुतं. राग मानू नये. तुमच्या प्रयोगांच्या पुस्तिकेत एकतीस पानावर पान्याचा कठीनपना काढायचा प्रयोग हाय. त्यात जे द्रावन करायचं त्यात अमोनिया कमी पडतो. पोरांचं पानी निळं व्हत न्हाई, जांभळंच ऱ्हातं. मी हुतो तवर बाटलीत जास्तीचा घालून ठिवायचो, कुनाला कळत नव्हतं. आता नवीन मानूस आलाय, त्यो पुस्तकात बघून करतो, त्येची काय चूक. बाकीच्या कॉलेजांत काय करत्यात कुनास ठावं. पुढच्या छपाईला तेवढं बघा.

माज्या जुन्या वहीत बरोबर हाय. वही तुमच्याकडंच हाय, तीत बघा. फकस्त ग्लास ध्यानात घ्या. वही लिवली तवाचा लाल खुणेचा ग्लास मोठा हुता. त्यो फुटला. तुमी मोजला आसंल त्यो नंतरचा, बारका.

वही मी मागत न्हाई. दिलेली वस्तू कोन मागतं व्हय.

पत्र आता कुनाकुनाकडं मागत फिरू? ज्यांनी बघितलंय त्यांस्नी ठावं हाय.

पेन्सिल हाय कानावर. सवय.

भीमाशंकर


सोलापूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. भीमाशंकरमामा,

शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र तीस तारखेला मिळालं. मावशींच्या गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावा. माझ्या आईला त्यानेच बरं वाटायचं.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला, हे आधी सांगून टाकते. चूक दाखवलीत म्हणून नाही. अर्ज मी परत पाठवलेला, आणि तुम्ही मलाच पुढच्या छपाईची काळजी घ्यायला सांगत होता, याचा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग उतरला होता. मग लाज वाटली, ती अजून आहे.

वही माझ्या कपाटात वरच्या फळीवर, ठेवणीतल्या साड्यांच्या मागे होती. अठरा जानेवारीला तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हाही ती तिथे आहे हे मला माहीत होतं. 'बाकी कोण होतं ते आठवून पाहा' असं लिहिताना माझा हात थांबलासुद्धा नाही. बाकी मी होते. तुमचं काम सगळ्यात जवळून सत्तावीस वर्षं मीच पाहिलं आणि पुरावाही माझ्याच घरात होता. तुम्ही रकान्यात 'नाही' लिहिलंत ते माझ्यासाठी, आणि मी त्याच 'नाही'वर सही करून अर्ज परत केला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच टेबलाखाली होता.

मी कामाला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. एम.एस्सी.ला पहिला वर्ग होता, पण वीस पोरांपुढे प्रयोग करून दाखवायचा म्हटलं की घाबरायचे. पहिल्याच बॅचला मी पिपेट तोंडाने ओढायला गेले आणि आम्ल ओठापर्यंत आलं. तुम्ही मागून येऊन पिपेट काढून घेतलीत आणि पोरांना म्हणालात, "बघितलं का रं? आसं करायचं न्हाई, ही मॅडमनी करून दावलं." पोरांनी वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी तुम्ही माझी नोकरी वाचवलीत असं मला वाटतं. त्यानंतर टायट्रेशनपासून बाटल्यांच्या झाकणांपर्यंत जे शिकले ते तुमच्याकडून.

आणि जर्नलं. त्याबद्दल मी कधी कुणाला बोलले नाही. पोरं तुमच्यापुढे रांग लावायची. तुम्ही आकडे बघून पानाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक टिक करायचात, मग जर्नल माझ्याकडे. मी फक्त कोपरा बघायचे. टिक असली की 'तपासले' लिहून सही, नसली की पान परत. नंतर खोडरबराने टिक पुसून टाकायचे. पुसायचं तुम्हीच सुचवलं होतंत, बाहेरचे परीक्षक बघतील म्हणून. पण तुम्ही सुचवलंत तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

२०१२ साली मला बढतीसाठी पुस्तक हवं होतं. तुम्ही तुमची प्रयोगांची वही वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिलीत. मी विचारलं, मामा, तुमचं नाव घालू ना? तुम्ही म्हणालात, "कशाला? परिचराचं नाव बघून पुस्तक कोन घील?" मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारून माझं काम झालं होतं. वही सगळी कन्नडमध्ये. माझं घर कन्नड बोलणारं, त्यामुळे वाचायला कुणाची मदत लागली नाही. लागली असती तर निदान एक साक्षीदार तरी झाला असता. वहीचं मराठी करून माझ्या नावाने छापलेल्या त्या पुस्तिकेवर मला बढती मिळाली, आणि बढतीमुळे पुढे हा कक्ष.

वहीत लिहिलं आहे, 'अमोनिया, लाल खुणेपर्यंत चार ग्लास'. मी तेव्हा मांडणीवरचा लाल खुणेचा ग्लास घेतला, मोजला, साठ मिलिलिटर भरला. चार ग्लास म्हणजे दोनशे चाळीस, असं छापून मोकळी झाले. करून पाहिलं नाही. तुम्हालाही दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर पुस्तक तुमचं आहे हे पुन्हा बोलावं लागलं असतं. माझ्या सहीने बाहेर गेलेलं, तुमची टिक नसलेलं ते एकच पुस्तक.

तुमचं पत्र आल्यावर मी एका संध्याकाळी, तुम्ही स्टँडवरून घरी गेल्यावर, मोहोळला आपल्या प्रयोगशाळेत गेले. नळाचं पाणी घेतलं आणि पुस्तिकेत आहे तसं केलं. जांभळं. ब्युरेटमधून आणखी टाकलं, तरी जांभळंच. मग वही पुन्हा नीट वाचली. पुढे एका पानावर 'मोठी बाटली भरायला सात ग्लास' असं सापडलं. ती बाटली लिटरची आहे, अजून खिडकीत तशीच आहे. म्हणजे तुमचा पहिला ग्लास एकशे चाळीसच्या थोडा वर. त्या मापाने अमोनिया घेऊन द्रावण केलं, आणि एका थेंबासरशी पाणी निळं झालं. मी स्टुलावर बसले आणि रडले. नवीन माणसाला वाटलं अमोनिया डोळ्यांत गेला, त्याने खिडकी उघडली.

मग बाकीच्या पाच कॉलेजांना फोन केले. एकाकडेही निळं होत नाही. एक मॅडम म्हणाल्या, आम्ही मुलांना सांगतो, झालं असं समजा. तेरा वर्षं पाच कॉलेजांतली पोरं न झालेलं निळं जर्नलमध्ये लिहीत आली. फक्त आपल्याकडे खरं व्हायचं, ते तुमच्यामुळे, आणि तेही कुणाला न सांगता.

परवा शुक्रवारी कक्षाची समिती बसली. तुमच्या अर्जापुरती मी खुर्ची सोडली. खुर्चीत जेऊरच्या कॉलेजचे प्राचार्य आबासाहेब होते. तुमचं काम पाहिल्याचं मी पत्र दिलं, वही टेबलावर ठेवली. कन्नड वाचता येणारं तिथे मीच एक, म्हणून एक तास मीच मोठ्याने वाचून मराठी सांगत होते आणि समोर संस्कृती पुस्तिकेत पान काढून दाखवत होती. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस प्रयोग जुळले, माप तेवढं एकाच ठिकाणी वेगळं निघालं. मग एका सदस्यांनी विचारलं, वही त्यांची हे कशावरून? तुमच्या टिपणांवरून त्यांनी उतरवून घेतली नसेल कशावरून?

मी पान एकतीस उघडलं. वहीतलं माप बरोबर आहे, पुस्तिकेतलं चूक. ज्याने नंतरचा बारका ग्लास मोजला, त्याच्याच हातून ही चूक होऊ शकते. माझ्या चुकीच्या आकड्यावरून तुम्हाला बरोबर माप लिहिता आलंच नसतं. मी दोन्ही द्रावणं बाटल्यांतून नेली होती. तिथेच टेबलावर एक पाणी निळं केलं आणि एक जांभळं ठेवलं.

आबासाहेबांनी दोन्ही ग्लास उचलून उजेडात धरले. मग म्हणाले, "मॅडम, सोताच्या पायावर धोंडा पाडून घेताय, कळतंय नव्हं?"

मी म्हटलं, "धोंडा तेरा वर्षं पायावरच आहे. आज दाखवला."

संस्कृती इतिवृत्त लिहीत होती. बाहेर आल्यावर जिन्यात म्हणाली, "मॅडम, टिकेचं आम्हाला माहीत होतं. सगळ्या बॅचला माहीत होतं. टिक पुसली तरी कागदावर वळ राहायचा की." मला वाटत होतं ती गोष्ट फक्त आपल्या दोघांत आहे.

तुमचा अर्ज उघडला आहे. शनिवारी १५ तारखेला सकाळी अकरा वाजता मोहोळच्याच कॉलेजात यायचं. तुम्हाला पाच द्रावणं करायला देतील आणि तीन प्रयोग मुलांना शिकवायला सांगतील. तपासणारे जेऊरचे असतील. मी नसेन, असूही नये. तुम्ही काही वाचून जाऊ नका, जसं करता तसं करा. नवीन काचसामान असेल, तेवढं आधी मोजून घ्या. घाबरू नका असं लिहिणार होते, पण तुम्हाला घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही, घाबरते ती मी.

कॉलेजने माझ्याकडे खुलासा मागितला आहे. मी कक्षाच्या प्रमुखपदाचा राजीनामा दिला आहे, अर्ज उघडा असताना हे पत्र त्यानंतरच लिहायला घेतलं. मंजूर करायचा की नाही ते ते ठरवतील. सातवा नियम मात्र तसाच ठेवा असं मी लिहून दिलं आहे, कारण नियम बरोबर आहे. पुस्तिका सहाही ठिकाणांहून मागे घेतली. पुन्हा छापायची का, आणि कुणाच्या नावाने, हे तुम्ही सांगायचं. वही समितीकडे आहे, तपासणी झाली की संस्कृती ती तुमच्या घरी आणून देईल. तुम्ही मागितली नाहीत, मीच परत करते आहे. तेरा वर्षं उशीर झाला.

माफी मागायची तर ती समोर येऊन मागायची असते, ती मी येऊन मागेन. शनिवार होऊ द्या. आधी आले तर तुम्ही मलाच चहा पाजत बसाल आणि माझं बोलायचं राहील.

समितीला दिलेल्या पत्रावर मी सही केली आहे, शब्द न् शब्द वाचून. या पत्रावर मुद्दाम केलेली नाही. याचीच दुसरी प्रत सोबत आहे, ती तुमच्याकडे ठेवायला. ही पहिली प्रत वाचा. कुठे काही कमी लिहिलं असेल, किंवा मी स्वतःला सोडून दिलं असेल, तर पोरांचं करायचात तसं पान परत पाठवा, मी पुन्हा लिहीन. बरोबर वाटलं तर उजव्या कोपऱ्यात तुमची टिक करून पाठवा, मग खाली सही करीन. टिक या वेळी पुसणार नाही.

आपली,

....................